ख्रिस्ती रहस्य-प्रेमकथेतली नावडती माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हस्तलिखितं वाचून त्यावर चार शब्द लिहून द्यायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. लिहिणारे बहुतेक मराठवाड्यातले. जालन्याच्या मिशन कंपाउंडमधली शिक्षिका, परभणीची नर्स, लातूरकडचा एक एसटी कंडक्टर, जो शेवटच्या गाडीच्या मुक्कामात लिहितो. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच येतात. फोनवर येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, उपासना सुटल्यावर फाटकापाशी उभं राहूनही येतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते. उदाहरणांतली पात्रं सगळी मी इथे बसून रचलेली आहेत. कंपाउंडातल्या कुणाला त्यात शेजारीण दिसलीच, तर त्याला मी काय करू?

ख्रिस्ती रहस्य-प्रेमकथा म्हणजे नेमकं काय?

कुणाच्या तरी जिवावर कुणीतरी उठलंय, दोन माणसं एकमेकांत गुंतत चाललीयत, आणि त्यातल्या निदान एकाचं देवाशी काहीतरी बिनसलंय. हे तिन्ही एकाच कथेत. एका दोरीला हात लावला की दुसरी हलली पाहिजे, नाहीतर ती तीन कथांची गाठोडी होते.

अमेरिकेत याचा मोठा धंदा आहे. हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थेची ‘लव्ह इन्स्पायर्ड’ ही ख्रिस्ती प्रेमकथांची मालिका १९९७ साली सुरू झाली, आणि २००५ मध्ये तिला रहस्यकथांची वेगळी शाखा फुटली. तिकडचे संकेत आपल्याकडेही बहुतेक तसेच पाळले जातात: शिव्या नाहीत, शय्यादृश्यं नाहीत, रक्त मोजकं, शेवट आशेचा.

या संकेतांमुळेच नावडत्या पात्राचा प्रश्न इथे जास्त टोचतो. बाकीच्या रहस्यकथांत नायक दारू पितो, शिव्या हासडतो आणि वाचक म्हणतो, ‘रांगडा गडी आहे.’ आपल्याला ती सोय नाही. माणूस कडवट आहे हे दाखवायचं तर तो पाहुण्याला पाण्याचा तांब्या कसा देतो इथपासून दाखवावं लागतं.

हे मराठीत कशाला? आणि त्यातही मराठवाड्यात?

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली. लिहिणारे बाबा पदमनजी ख्रिस्ती, आणि विषय विधवांच्या हालांचा. म्हणजे ही पाटी आपल्याच घरच्यांनी लावलेली आहे. त्यातली यमुना आणि तिचा नवरा विनायक, दोघंही फार सज्जन. मला मात्र पुस्तक मिटल्यावर आठवतात ती विधवांचा छळ करणारी घरं. सज्जनांची अडचण तेव्हापासूनची आहे.

मराठवाड्याचं म्हणाल तर रहस्याला लागणारा माल इथे पायलीनं पडलाय. जालन्याजवळचं बेथेल बघा. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कुटुंबांसाठी वसवलेलं गाव. संभाजीनगरच्या छावणीतलं इंग्रजांच्या काळातलं चर्च. निजामाच्या अमलातले उर्दू महसुली कागद, जे वारसाला स्वतःला वाचता येत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसरात जे ढिगाऱ्याखाली गेलं, त्यात कुणाकुणाची मृत्युपत्रं होती कोण जाणे. नायिकेला शिमल्याला पाठवायची काही गरज नाही.

माझी नायिका वाचणाऱ्यांपैकी कुणालाच आवडली नाही. तिला थोडी गोड करू का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असं असतं.

एक उदाहरण घेऊ. सुवार्ता, वय एकतीस, पुण्यात हिशेबनीस. तिच्या वडिलांवर आळ होता की कंपाउंडची जमीन विकायच्या कागदावर त्यांनी चोरून सही केली. वडील त्याच धक्क्यानं गेले. ती आता जालन्याला परत आलीय, कारण कुणीतरी तिला निनावी पाकिटात जुन्या फेरफाराची झेरॉक्स पाठवलीय. नाव सुवार्ता, पण तोंड उघडलं की वाईटच बातमी. शेजारच्या मावशी चहा घेऊन येतात. सुवार्ता कप हातात घेते, त्याचा जोडलेला कान बघते, आणि ‘मला नको’ म्हणून कप खाली ठेवते. मावशींचा चेहरा पडतो.

हे वाचून वाचक चिडतात, आणि लेखिका घाबरून पुढच्याच पानावर सुवार्ताकडून भटक्या कुत्र्याला पार्लेजी खाऊ घालते. हा कुत्रा मी आजवर किमान डझनभर हस्तलिखितांत पाहिलाय. कधी तो मांजर असतो, कधी सिग्नलवर फुगे विकणारं पोर. वाचकाला लाच दिलेली कळते हो.

त्यापेक्षा त्या कपाकडे परत जा. सुवार्ता कप खाली ठेवते त्याआधी तिचा अंगठा कानाच्या सांध्यावर क्षणभर थांबू द्या. राखाडी, खडबडीत, बोटाचा ठसा उमटलेला एम-सीलचा सांधा. एवढंच. का थांबला ते सांगू नका. तीन प्रकरणांनी मावशी सहज बोलून जातील की कंपाउंडातल्या सगळ्यांची फुटकी भांडी तिचे बाबाच जोडून द्यायचे. तो ठसा कुणाचा हे वाचकाला आपोआप कळेल. सुवार्ता एका शब्दानंही गोड झालेली नाही. मावशींशी ती तुसडेपणानंच वागली. पण आता तिच्या तुसडेपणाला आतली बाजू आहे.

आणखी एक. आपल्या प्रकारात कृपा दाखवायची असते. पहिल्या पानापासून जी मुलगी गोड, समजूतदार, आईला भाकरी थापू लागणारी आहे, तिच्यावर कृपा झाली हे वाचकाला कळणार कशावरून? तिला वर चढायला पायरीच ठेवलेली नसते. म्हणून कडवट नायिका घेऊन येणाऱ्याला मी सांगते, तुमच्याकडे भांडवल आहे, ते साखरेत घालवू नका.

आता उलट बाजू. ‘आवडली नाही’ या तक्रारीखाली पुष्कळदा दुसरीच तक्रार दडलेली असते, आणि ती खरी असते. नायिका रात्री साडेअकराला अनोळखी नंबरच्या फोनवरून एकटीच पैठणला जायकवाडीच्या भिंतीकडे जाते, कुणाला सांगत नाही, आणि मोबाईलची बॅटरी नेमकी दोन टक्के. इथे वाचक चिडतो तो तिच्यावर नव्हे, तुमच्यावर. तिला मूर्ख तुम्ही केलंत. किंवा दोनशे पानं तिच्या बाबतीत गोष्टी नुसत्या घडत राहतात आणि ती खिडकीत उभी राहून स्तोत्र आठवते. तुसडी नायिका चालते, पण काहीच न करणारी चालत नाही. तेव्हा वाचणाऱ्याला ‘आवडली का’ असं विचारूच नका. ‘कुठल्या पानावर ती मनातून उतरली?’ असं विचारा आणि त्या पानावर काय चाललंय ते बघा.

जाता जाता: हाच चहाचा कप नायकानं खाली ठेवला असता तर दहातले सात वाचक म्हणाले असते, ‘कमी बोलतो बिचारा.’ दुरुस्त्या करण्याआधी नावं बदलून एकदा वाचून पाहा.

नावडतं पात्र आणि खलनायक एकच ना?

नाही. खरा खलनायक बहुतेक वेळा सगळ्यांचा लाडका असतो. संडे स्कूलच्या पोरांना पेपरमिंट वाटणारा खजिनदार काका. नावडतं पात्र हे त्याच्यासाठी उत्तम आडोसा आहे, कारण वाचकाचा संशय आधी फाटकी जीभ असलेल्या माणसावर जातो. पण ही युक्तीसुद्धा आता शिळी झाली आहे. मुरलेला वाचक विसाव्या पानावरच पेपरमिंटवाल्याला पकडतो. तेव्हा काकाला खरोखरचा मोठेपणाही द्या. कुणाच्या तरी लेकीच्या नर्सिंगची फी त्यानं खरंच भरलेली असू दे, आणि ती फी कुठून आली हे त्या लेकीला शेवटी कळू दे. त्या क्षणी तिची जी कोंडी होईल ती पिस्तुलाच्या दृश्यापेक्षा जास्त धरून ठेवेल.

पाळक वाईट दाखवला तर मंडळी रागावेल का?

रागावेल. खोटं कशाला सांगू.

माझ्याच एका कथेत एक पाळकसाहेब होते. चोर नव्हते, लफडेबाज नव्हते. फक्त घाबरट. एक बाई नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन येते आणि ते म्हणतात, ‘प्रार्थना करू, पुढच्या आठवड्यात बघू.’ पुढचा आठवडा येण्याआधी ती बाई विहिरीत सापडते. नाताळाच्या आठवड्यात एका मंडळीत या कथेचं वाचन ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी निरोप आला की कार्यक्रम रद्द, हॉलची चावी सापडत नाही. चावी नंतर रविवारी सापडली. मला राग आला होता, पण एक गोष्ट लक्षात आली. पाळक चोर दाखवला असता तर कदाचित चाललं असतं, चोर नेहमी दुसऱ्या मंडळीतला असतो. घाबरट माणूस मात्र प्रत्येकाला आपल्याकडचा वाटला.

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, याबाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी धीट आहे. १ शमुवेल २ मध्ये एलीच्या मुलांचं वर्णन वाचा. हे याजक. लोक यज्ञाचं मांस शिजवत असताना यांचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन येतो, भांड्यात खुपसतो आणि जे वर येईल ते याजकाचं. कुणी म्हणालं ‘आधी चरबी जळू द्या’, तर ‘आत्ता दे, नाहीतर जबरदस्तीनं घेईन.’ आणि म्हातारा एली? त्याला सगळं ठाऊक आहे. तो मुलांना बोलतो, पण आवरत नाही. तो तीन दातांचा काटा बघा. ‘याजक भ्रष्ट होते’ असं नुसतं म्हटलं असतं तर कोण लक्षात ठेवतं?

पाळक वाईट दाखवायचा असेल तर असा एक काटा शोधा. दानपेटीच्या दोन चाव्यांपैकी दुसरी कुणाकडे असते, आजाऱ्याला भेटायला ते कुणाच्या घरी आधी जातात, कुणाच्या घरी फक्त फोन करतात. आणि कृपा करून समतोल साधायला म्हणून दुसरा एक देवमाणूस पाळक घुसडू नका. वाचकाला वजनकाटा दिसतो.

नायक तिच्या काळजीपोटी तिच्या मागावर राहतो. बीटा वाचक (छापण्याआधी कच्चा खर्डा वाचणारे) त्याला ‘भयानक’ म्हणाले. एवढं काय झालं?

झालंय. या प्रकारातलं सगळ्यात धोक्याचं नावडतं पात्र म्हणजे लेखकाला आवडणारा नायक.

तुमच्या पानांवर काय आहे ते साध्या शब्दांत मांडून बघा. तो तिच्या स्कूटीला न सांगता ट्रॅकर लावतो. हॉस्टेलसमोरच्या पानटपरीवर रोज उभा राहतो. तिनं नंबर ब्लॉक केल्यावर मैत्रिणीच्या फोनवरून बोलतो. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ७८ मध्ये बाईनं स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा पाठलाग करणं किंवा संपर्क साधणं हा गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेतही २०१३ पासून कलम ३५४-ड होतंच. तुमचा नायक स्वतः पोलिस उपनिरीक्षक असेल तर त्याला हे पाठ असायला हवं.

त्यावर आपल्या प्रकाराचा खास मसाला: ‘मी प्रार्थना केली आणि प्रभूनं मला दाखवलं की तू माझी आहेस.’ हे वाक्य मी गोड प्रसंग म्हणून लिहिलेलं पाहिलंय, दिव्यांच्या माळा, नाताळची संध्याकाळ, सगळं. जरा तिच्या जागी उभ्या राहा. ‘नाही’ म्हणायचं तर आता एका माणसाला नव्हे, देवालाच नाही म्हणायचं. यातून सुटायला वाटच नाही. हे वाक्य खलनायकाच्या तोंडी घाला, अंगावर काटा येईल. नायकाच्या तोंडी ठेवायचंच असेल तर तिनं तिथल्या तिथे विचारावं, ‘मला का नाही दाखवलं मग?’ आणि त्याच्याकडे उत्तर नसावं.

रक्षण करणारा पुरुष लिहायचाच असेल तर बायबलातला शेतमालक बवाज बघा. शेतात सरवा वेचायला आलेल्या विधवा रूथला त्रास देऊ नका असं तो गड्यांना सांगतो, तिला त्यांच्यासाठी भरलेलं पाणी प्यायला सांगतो. पुढे लग्नाचा विषय निघतो तेव्हा आपल्याहून जवळचा नातलग आहे हे लपवत नाही. दुसऱ्या दिवशी वेशीवर दहा वडील माणसं बसवून सगळ्यांसमोर बोलणं करतो. चोरून काही नाही. रहस्यकथेत उघडपणे वागणारा नायक फिका वाटेल अशी भीती असते. करून बघा. भोवती सगळेच काहीतरी लपवत असताना हाच माणूस उठून दिसतो.

शेवटच्या प्रकरणात खलनायकाचा पश्चात्ताप दाखवला की काम झालं ना?

ते काम तुमचं झालं, त्याचं नाही.

नेहमीचं दृश्य असं: पाऊस, जुनी विहीर, खजिनदार काका गुडघ्यांवर, ‘प्रभू, मला क्षमा कर,’ मागे पोलिसांच्या जीपचा सायरन. पुढच्या पानावर लग्न. मध्ये काकानं लाटलेल्या सत्तावीस कुटुंबांच्या जमिनीचं काय झालं?

जकातदार जक्कयाची गोष्ट लूक १९ मध्ये आहे. सगळ्यांना ती झाडावर चढलेल्या बुटक्या माणसाची म्हणून ठाऊक, कारण संडे स्कूलमध्ये आपण उंबराचं झाड काढून घेतो. रहस्यलेखकानं मात्र आठवी ओवी वाचावी. जक्कय उभा राहून आकडा सांगतो: अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत. मोशेच्या नियमशास्त्रात चोरून कापलेल्या मेंढराची भरपाई चार मेंढरं होती. म्हणजे हा माणूस स्वतःला साधा वसुली अधिकारी म्हणवून घेत नाही, मेंढरं चोरणाऱ्याचा हिशेब स्वतःला लावतो. रडल्याचा उल्लेख नाही. तुमच्या काकालाही रडवू नका. त्याला तहसीलमध्ये बसवा, शिक्के मारलेल्या कागदांच्या चळतीसमोर, सही करताना हात थरथरतोय आणि कारकून म्हणतोय, ‘प्रत्येक पानावर करा.’

दुसरं, पश्चात्तापानं झालेलं नुकसान पुसू नका. दावीद राजानं उरीयाची बायको बळकावली आणि उरीयाला लढाईत मरायला धाडलं. त्याला नाथान संदेष्टा एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो. राजा संतापून निकाल देतो आणि मग कळतं की आरोपी आपणच. जगातल्या कुठल्याही रहस्यकथेला हेवा वाटावा अशी कलाटणी. दावीद लगेच पाप कबूल करतो, क्षमाही मिळते. तरी उरीया मेलेला तो मेलेलाच राहतो, बाळही जातं आणि घरातली तलवार पुढची कित्येक प्रकरणं थांबत नाही.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण मला फार आवडते. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभूचा शिष्य पेत्र प्रभूला नाकारतो तेव्हा तो कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा असतो. पुनरुत्थानानंतर तो किनाऱ्यावर येतो तर तिथे पुन्हा कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी. नाकारलं तीनदा, ‘माझ्यावर प्रेम करतोस का?’ हा प्रभूचा प्रश्नही तीनदा. तो विस्तव बघताना पेत्राला काय वाटलं ते योहान लिहीत नाही. तुमच्या कथेत विश्वासघात ज्या जागी, ज्या वासात झाला, त्याच जागी त्या माणसाला एकदा परत आणून उभं करा. संवाद कमी लागतील.

मग पीडितेनं त्याला माफ करायलाच हवं का? आणि लग्न?

माफ करणं न करणं तिच्यावर सोडा, आणि तिनं केलं तर किती दिवसांत ते तुम्ही ठरवू नका. लग्न ही वेगळी गोष्ट आहे. माफ केलेल्या माणसाशी संसार केलाच पाहिजे असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर एक दुरुस्ती. रात्री दहा वाजता पाळकाला उठवून नायक-नायिकेचं लग्न लावलेलं मी तीनदा वाचलंय. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न साधारणपणे सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळातच लागतं, खास परवान्याचे अपवाद सोडले तर. शिवाय बऱ्याच मंडळ्यांत आधी तीन रविवार जाहीर सूचना वाचली जाते: अमुक आणि अमुक यांचा विवाह ठरला आहे, कुणाची रास्त हरकत असल्यास कळवावी. ही अडचण मानू नका, हे वरदान आहे. पहिल्या रविवारी सगळे हसतात. दुसऱ्या रविवारी कुणीतरी मागच्या बाकावर नवीन बसलेलं असतं. तिसऱ्या रविवारी पंखा कुरकुरतोय, पाळकसाहेब चष्मा वर सरकवून वाचतायत, आणि ज्या आत्याला कुणी हाताला धरून आणत नाही ती बाकाला टेकून स्वतःच उठते. तुमचं सर्वांत नावडतं पात्र त्या क्षणी खरं बोललं तर?

मुलाची आई नावडती दाखवायची आहे. सासूचा साचा कसा टाळू?

तिला छळायला लावू नका, विचारायला लावा.

आपण पुलपिटावरून सांगतो की ख्रिस्तात भेद नाही. स्थळ बघायला बसलं की कुणीतरी बशीतल्या चहावर फुंकर मारत विचारतं, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ गावाचं नाव विचारलेलं नसतं, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक आणि सांगणाऱ्यालाही. मराठवाड्यातल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांच्या दोन-तीन पिढ्यांमागे महारवाडा नाहीतर मांगवाडा आहे, आणि एकाच बाकावर बसणाऱ्यांत सोयरीक मात्र अजून बघूनच होते. मुलाची आई प्रेमळ असू दे. आजाऱ्यांना डबे पोचवणारी, महिला मंडळाची प्रार्थना सुंदर करणारी. आणि तिनं हा प्रश्न अगदी मायेनं विचारावा. मुलीचे वडील क्षणभर थांबून म्हणावेत, ‘आम्ही जालन्याचेच. तुम्ही?’

या एका संवादावर ती बाई नावडती होते आणि साचा मोडतो, कारण ती कुठल्याही मालिकेतली सासू राहत नाही. पुढे हीच बाई नायिकेला गुंडांपासून आपल्या कोठीच्या खोलीत लपवते असं दाखवा, पण तिचा तो प्रश्न तिनं परत घेतलाय असं दाखवू नका. माणसं अशीच असतात, एका हातानं वाचवतात आणि दुसऱ्या हातानं ताट वेगळं मांडतात.

यावर काही जणांचं म्हणणं येतं, ‘बाहेरच्यांसमोर घरचं कशाला काढायचं?’ ज्यांना हा प्रश्न विचारला गेलाय त्यांच्यापैकी कुणी मला असं म्हणालेलं नाही.

खलनायक दुसऱ्या धर्माचा असला तर?

असू शकतो, पण त्याचा धर्म हाच पुरावा होऊ देऊ नका. ‘कपाळाला गंध’ किंवा ‘जाळीची टोपी’ एवढ्यावर संशय उभा करणारं हस्तलिखित मी परत पाठवते. आणि एक हिशेब करून बघा: तुमच्या कादंबरीत चर्चबाहेरचा एकही चांगला माणूस नसेल, तर तुम्ही मराठवाड्याची कथा लिहीत नाही आहात. सुवार्ताच्या हातातला निजामकाळातला कागद उर्दूत आहे. तो तिला वाचून दाखवायला निवृत्त उर्दू शिक्षकच लागणार. तो तिरसट असू दे, फी रोख मागू दे, आणि एक ओळ मुद्दाम वाचायची टाळू दे. का टाळली ते तुम्ही शोधा.

कडवट किंवा गुंड पात्रांनाच बोली द्यावी का? नायक-नायिका प्रमाण मराठीत बोलतात.

हे कुणी ठरवलं? ‘कामून आलीस गं? इथं काय ठिवलंय तुह्यासाठी?’ हे वाक्य गुंडाच्या तोंडी घातलं की धमकी वाटतं. मावशीच्या तोंडी घाला, तीच अक्षरं रडवतील. बोली वाईट माणसाचा गणवेश झाली की वाचणारी निम्मी माणसं गप्पकन पुस्तक मिटतात, कारण ती त्यांची घरची भाषा असते.

उलट करून पाहा. खजिनदार काकाला शुद्ध, पुस्तकी, ‘आपण प्रार्थनापूर्वक विचार करूया’ छापाची मराठी द्या, आणि सुवार्ताला राग आला की तिची पुण्यात कमावलेली भाषा गळून पडू दे: ‘माह्या बापाचं नाव घिऊ नगा.’ ती जालन्याला खरी परतली ती त्या वाक्यात.

शिव्यांशिवाय गुंड खरा कसा वाटेल?

त्याला सौम्य बोलू द्या. ‘बहिणीचं लग्न फेब्रुवारीत ना? मंडप कुठला सांगितलाय?’ पुरे.

नावडतं पात्र दुसऱ्या प्रकरणात मारून टाकलं. सुटलो?

तुम्ही सुटलात, वाचक अडकला. १ शमुवेल २५ मध्ये नाबाल नावाचा उद्धट श्रीमंत माणूस आहे. तीन हजार मेंढरं, आणि दावीदाच्या माणसांना भाकरी द्यायला नकार. शेवटी त्याचं काळीज दगडासारखं होतं आणि दहा दिवसांनी तो मरतो. ‘बघा, शास्त्रातही मारलंय’ असं एका लेखकानं मला ऐकवलं होतं. मान्य. पण त्याआधी त्याची बायको अबीगईल दोनशे भाकरी, दोन बुधले द्राक्षारस, पाच मेंढरं, मनुकांचे घड आणि अंजिरांच्या ढेपा गाढवांवर लादून, नवऱ्याला न सांगता, सूड घ्यायला निघालेल्या दावीदाच्या चारशे हत्यारबंद माणसांना सामोरी गेलेली असते. प्रकरण तिचं आहे. नाबाल मेला तो तिनं सगळं निभावून झाल्यावर. तुमच्या नायिकेनं काही करण्याआधीच तिचा नवरा ट्रकखाली आला असेल तर तो ट्रक तुम्ही चालवताय.

माझी आत्या शेवटपर्यंत सुधारतच नाही. ख्रिस्ती कथेत हे चालेल?

चालेल. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात धाकटा घरी येतो, अंगठी, पायतण, पुष्ट वासरू, सगळं होतं. मोठा भाऊ शेतातून येतो, गाण्याचा आवाज ऐकतो आणि रागानं आत जात नाही. बाप बाहेर येऊन समजूत घालतो. मोठा भाऊ आत गेला का? लूकनं लिहिलेलं नाही. योना संदेष्ट्याचंही तसंच. देवानं निनवे शहराचा नाश केला नाही म्हणून तो रुसून शहराबाहेर बसलाय, सावलीचं झाड किड्यानं खाल्लंय, ऊन डोक्यावर आलंय, आणि पुस्तक देवाच्या प्रश्नावर थांबतं: एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं असलेल्या या शहराची मी कीव करू नये काय? योनाचं उत्तर नाही.

आत्याला मांडवात आणायचा मोह होईल. आणू नका. लग्नाच्या दुपारी तिला कंपाउंडच्या फाटकाबाहेर रिक्षात बसवा. रिक्षावाला दोनदा विचारेल, ‘उतरता का, मीटर चालू हाये.’ मावशी जेवणाचं ताट झाकून फाटकापर्यंत घेऊन येतील. आत्या ताट घेईल, झाकण उचलून बघेल आणि म्हणेल, ‘वरण आळणी दिसायलंय.’